मागच्या पानाचा कोपरा

“हे तुमच्या धंद्यातलं दिसतंय,” असे म्हणत फौजदार रणपिसे यांनी माझ्या टेबलावरचा भरतीचा आलेख बाजूला सारला आणि त्या जागी एक जाड तपकिरी लिफाफा ठेवला. “आकडे आहेत. आमच्या कचेरीत आकडे म्हटले की मटक्याच्या पलीकडे कुणाची अक्कल जात नाही.”

१९७१ सालच्या ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. करंजदांडा बंदरावरच्या भरतीमापन केंद्राचा मी प्रमुख होतो, आणि तिथला एकमेव कर्मचारीही मीच. धक्क्याच्या टोकाला एक रुंद लोखंडी नळ समुद्रात उतरवलेला होता. त्यात एक डबा तरंगे आणि डब्याला जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर पाण्याची उंची अखंड काढत राही. वय अठ्ठावीस, शिक्षण भौतिकशास्त्राचे, लग्न झालेले नव्हते. देवावर माझा विश्वास नव्हता आणि माणसांच्या सांगण्यावर बेताचाच होता. मोजलेल्या गोष्टीवर मात्र होता.

“कुणाची पत्रं आहेत ही?”

“रुकय्या अब्दुल मजीद होडेकर. दोन वर्षांपूर्वी तिच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला तुम्हीच दिलाय, आठल्येसाहेब. सही वाचता येत नाही, पण शिक्का तुमचा आहे.”

दाखला मीच दिला होता. मजीद होडेकरचा मचवा बंदरात होता. वादळात मापकाच्या नळाचे झाकण उडाले, तेव्हा लाटांत उतरून ते बसवणारा मजीदच. त्याचे मामा फाळणीच्या आधीच कराचीच्या गोदीत कामाला जाऊन तिथलेच झाले होते. त्यांच्या मुलीशी त्याचा निकाह झाला तो १९६४ साली, आणि रुकय्या पाकिस्तानी पासपोर्ट घेऊन बोटीने मुंबईला उतरली. पुढच्याच वर्षी युद्ध झाले, बोट बंद पडली. भारतीयाची बायको म्हणून नागरिकत्व मिळावे, असा अर्ज तिने केला होता. तो सहा वर्षे या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. दरवर्षी व्हिसाची मुदत वाढवून मिळे आणि दर महिन्याला तिला पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागे.

“अर्ज आता शेवटच्या चौकशीला आलाय,” रणपिसे म्हणाले. ते घाटावरचे होते. कोकणातल्या घामाने त्यांच्या मानेवर घामोळे उठले होते आणि बोलताना ते रुमालाने मान दाबत. “माझा अहवाल गेला की बाई हिंदी नागरिक होणार, नाहीतर सात दिवसांत सरहद्दीपलीकडे. मधलं काही नाही. पूर्वेकडे काय चाललंय ते तुम्ही वाचताच. आणि द्वारकेवर समुद्रातून तोफा डागल्या त्याला सहाच वर्षं झालीत. वरून विचारतात, किनाऱ्यावर तुमच्याकडे कोण कोण आहे.”

लिफाफ्यात तेरा पत्रांच्या नकला होत्या. टपालात उघडून, उतरवून घेऊन, मूळ पत्रे पुढे पाठवलेली. मागच्या ऑक्टोबरपासून दर महिन्याला एक. मजकूर साधा होता. सासूचे गुडघे, मचव्याचे नवे शीड, फणस किती लागले. आईला लिहिलेली पत्रे, पण आईला वाचता येत नव्हते. शेजारचे कोणी गफूरभाई ती वाचून दाखवत. प्रत्येक पत्रात त्यांना सलाम होता. आणि प्रत्येक पत्राच्या मागच्या पानावर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, मजकुराशी काहीही संबंध नसलेले दोन आकडे होते. १५-५. १६-४. १५-५. १४-५. अकरा पत्रांत अकरा जोड्या. शेवटच्या दोन पत्रांत तो कोपरा कोरा होता.

“तिला विचारलंत?”

“उद्या विचारायचंय. तुम्ही चला. तुमच्यासमोर बोलेल. आणि आकड्यांची थाप मारली तर तुम्हाला कळेल, मला नाही कळायचं.”

*

रमजान चालू होता. होडेकरांच्या ओट्यावर आम्हा दोघांसाठी सरबत आले. सासू खतिजाबी स्वतः ते घेऊन आल्या आणि दाराशीच थांबल्या. मजीद माडाला टेकून उभा होता. त्याला रणपिशांनी हातानेच लांब राहायला सांगितले.

रुकय्या दाराच्या आत, चौकटीला धरून बसली. तिचे वय तेव्हा पंचवीस-सव्वीस असेल. एरवी मला पाहून ती हसत असे. दर ईदला डबाभर सांदणं पाठवून “आठल्येभाऊंना सांगा, यात अंडं नाय,” असा निरोप देत असे. त्या दिवशी ती हसली नाही.

“बाई, हे आकडे कसले?” रणपिशांनी नकलेचा कोपरा तिच्यापुढे धरला.

तिने पाहिले आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ओढणी पुढे ओढून ती म्हणाली, “ते आईचं हाय.”

“आईचं म्हणजे?”

“आईला समजते.”

“कराचीत बसून काय समजते?”

तिने सासूकडे पाहिले, मग माडाखालच्या नवऱ्याकडे, मग माझ्याकडे. “आठल्येभाऊ, तुमच्या बिऱ्हाडी कोणी बाईमाणूस नाय काय आलेलं? बहीण, आई?”

“नाही.”

“कोणच नाय?”

“विषय बदलू नका,” रणपिसे म्हणाले. “शब्द काही नाही, नुसते आकडे. कशाचे?”

“गफूरभाई पत्र वाचतात,” ती हळू आवाजात म्हणाली. “म्हणून नाय लिवलं.”

“म्हणजे गफूरभाईंपासून लपवायचं आणि आईला कळवायचं. असं काय असतं?”

तिने हात लांब करून आतल्या मडक्यातले पाणी भांड्यात घेतले आणि आमच्या देखत घटाघटा प्याली. दुपारचे दोन वाजले होते. खतिजाबी दुसरीकडे पाहू लागल्या.

मी हे टिपले. मला बरेही वाटले होते. कर्मकांडाच्या घरात एक तरी माणूस उपासाच्या बाबतीत माझ्यासारखा आहे, असे काहीसे मनात आल्याचे आठवते. निरीक्षण अचूक होते.

निघताना मजीद वाटेपर्यंत आला. “काय विचारलं हो तिला? माझ्याशी पण धड बोलत नाय. दोन महिने झाले, विहिरीवरून पाणी आणायला सांगितलं की बोलते, तुम्ही आणा.”

“चौकशी चालू असताना मला सांगता येणार नाही, मजीद.”

“नाय, तुमचं बरोबर हाय. पण तुम्ही सोबत हाव म्हणून मला फिकीर नाय.”

*

मी तीन दिवस त्या अकरा जोड्यांवर काम केले. ते काम मला आवडले, हे इथे लपवण्यात अर्थ नाही.

पहिला आकडा तेरा ते सतरा यांच्या बाहेर कधी जात नव्हता. इंग्रजी तारखांशी मेळ बसेना. मग मी पत्रांच्या तारखा चांद्रमासावर बसवून पाहिल्या. मोहल्ल्यात दिवस चांदावरूनच मोजत, हे मला ठाऊक होते. आकडे जागच्या जागी बसले. दर महिन्याच्या पौर्णिमेच्या आगेमागचा कुठला तरी एक दिवस. महिन्याच्या तीस दिवसांतून नेमके हेच पाच दिवस अकरा वेळा योगायोगाने येण्याची शक्यता मी काढली. ती छत्तीस कोटींत एक भरली. आकडे यदृच्छेने आलेले नव्हते.

पौर्णिमेच्या सुमाराला समुद्राला उधाण असते. माझ्या भिंतीवर दहा वर्षांचे आलेख होते. करंजदांड्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक उंचवटा आहे. एरवी त्यावरून होडीपेक्षा मोठे काही आत येत नाही. उधाणाच्या भरतीला मात्र खोल बुडाची बोटही आत येऊ शकते. किती वेळ? मी आलेखावर पट्टी ठेवून मोजले. साडेचार तास, पाच तास, कधी चार. पत्रांतला दुसरा आकडा चार किंवा पाच होता.

मी सगळे आलेख पुन्हा पहिल्यापासून मोजले. स्वतःच्या कल्पनेवर निसर्ग असा शिक्कामोर्तब करतो तेव्हा काय होते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला ते सांगायला नको.

मी इतर शक्यताही तपासल्या. तेवढा मी प्रामाणिक होतो. धार्मिक उपासांची शक्यता तपासली. पौर्णिमेच्या आसपासचे तीन उपास काही लोक करतात, पण तारखा दर महिन्याला ठरलेल्या असतात, अशा मागेपुढे होत नाहीत. ती शक्यता मी खोडली. माशांच्या हंगामाची तपासली, तीही खोडली. मला सुचलेल्या सगळ्या शक्यता मी तपासल्या.

अहवाल एका पानाचा होता. रणपिशांनी तो माझ्यासमोरच वाचला, मग पुन्हा वाचला.

“म्हणजे हो की नाही?”

“तसं सांगता येत नाही. आकडे चांद्रमासाशी निगडित आहेत. उधाणाशी आणि वाळूवरच्या पाण्याच्या कालावधीशी ते जुळतात. ते त्याच हेतूने लिहिले आहेत याला पुरावा नाही. तसं मी पाचव्या कलमात लिहिलंय.”

“आणि चौथ्यात?”

“सांकेतिक संदेश असण्याची शक्यता नाकारता येत नाही.”

“नाकारता येत नाही.” त्यांनी मान दाबली. “आठल्येसाहेब, माझ्या वरचा माणूस पाचव्या कलमापर्यंत जात नाही. तुम्ही त्या कुटुंबाला ओळखता. तुमचं स्वतःचं काय मत आहे?”

आज मला वाटते, त्या माणसाने मला एक दार उघडून दिले होते.

“माझ्या मताला इथे किंमत नाही,” मी म्हणालो. “आकडे काय म्हणतात तेवढंच मी लिहू शकतो.”

“आणि हे सहावं? ‘शेवटच्या दोन महिन्यांच्या अपेक्षित नोंदी आढळत नाहीत. कारण अज्ञात.’”

“नोंदी थांबल्या आहेत. का, ते माहीत नाही.”

“मला माहीत आहे,” रणपिसे कागदाची घडी घालत म्हणाले. “कळवायचं ते कळवून झालं, म्हणून थांबल्या.”

*

हुकूम दहा दिवसांनी आला. नागरिकत्वाचा अर्ज नामंजूर, व्हिसाची मुदतवाढ नाही, सात दिवसांत देश सोडावा. कारण दिलेले नव्हते. हुकुमात कारण देत नाहीत.

त्या सात दिवसांत मी मोहल्ल्याच्या बाजूला गेलो नाही. मापकाची लेखणी बदलायची होती, ती बदलली. सातव्या दिवशी सकाळी धक्क्याच्या टोकावरून पाहिले, तर मजीदचा मचवा तालुक्याच्या बंदराकडे निघाला होता. मागे दोन शिपाई बसले होते. रुकय्या मधल्या फळीवर पत्र्याच्या पेटीला धरून बसली होती. दुसरा हात तिने पोटाशी दुमडून धरला होता. लांबूनही मी ते पाहिले, आणि समुद्र लागला असावा असे मनाशी म्हटले. त्या दिवशी पाणी आरशासारखे होते.

मजीदला सरहद्दीपर्यंत जायला परवानगी मिळाली नाही. दोन-अडीच आठवड्यांनी युद्ध सुरू झाले. टपाल बंद पडले. जानेवारीत माझी पुण्याला बदली झाली. माझी उपकरणांची खोकी आणि पुस्तके मचव्यात चढवायला मजीदच आला. वाटभर तो एक शब्द बोलला नाही. खोकी मात्र एकेक करून, पाणी लागू न देता, स्वतः उतरवून दिली.

*

१९७६ च्या जुलैत मी माझी पत्नी प्रमिला हिला घेऊन पुण्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. लग्नाला दोन वर्षे झाली होती. डॉक्टरीणबाई मोठ्या आवाजाच्या आणि घाईच्या होत्या. त्यांनी तारखा विचारल्या. प्रमिलाने पर्समधून छोटी डायरी काढून त्यांच्यापुढे उघडली. पानाच्या कोपऱ्यात, एकाखाली एक, आकड्यांच्या जोड्या होत्या. १८-४. १६-५. १५-४.

“हे कसले आकडे?” मी विचारले.

प्रमिलाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. “घरी सांगते.”

“घरी कशाला?” बाई हसल्या. “अहो, पाळीची तारीख आणि किती दिवस ते. एवढे शिकलेले तुम्ही, दोन वर्षं एका घरात राहता, आणि ही डायरी बघितली नाहीत? वा! आणि ह्या महिन्यात, मागच्या महिन्यात काही लिहिलेलं नाही. म्हणजे बहुतेक पेढे. चला, तपासू.”

त्या दोघी पडद्याआड गेल्या. मी खुर्चीवर बसून होतो. समोरच्या भिंतीवर गर्भाचे चित्र होते, महिन्यामहिन्याने मोठे होत गेलेले.

घरी आल्यावर रणपिशांना दिलेल्या अहवालाची कार्बन प्रत शोधली. मी कागद टाकत नाही. शेवटच्या दोन महिन्यांच्या नोंदी नाहीत, हे डॉक्टरीणबाईंचेच निरीक्षण सहाव्या कलमात होते; पुढे फक्त ‘कारण अज्ञात’ असे होते.

रुकय्याची आई कराचीत सुईण होती. हे मला मजीदने कधीतरी सांगितले होते. मी ते ऐकले होते आणि निरुपयोगी माहिती म्हणून सोडून दिले होते. सात वर्षे मूल न झालेली मुलगी आपल्या सुईण आईला दर महिन्याला काय कळवेल, आणि परक्या पुरुषाच्या तोंडून वाचले जाणारे पत्र असेल तर ते कसे कळवेल, हा प्रश्न छत्तीस कोटींत एक एवढा अवघड नव्हता. मागच्या पानाचा कोपरा आईचा होता. आकड्यांपुरती तिला अक्षरओळख असणार. आणि शेवटच्या दोन पत्रांतला कोरा कोपरा पाहून ती म्हातारी कराचीत बसून काय समजली असेल, तेही उघड होते.

मी संबंधित खात्याला चार पानांचे पत्र लिहिले. पाच महिन्यांनी उत्तर आले: आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.

*

डिसेंबरात करंजदांड्याला गेलो. मजीद ओहोटीच्या वाळूवर कलता केलेल्या मचव्याशी बसून फळ्यांच्या भेगांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवत होता. दाढी पांढरी झाली होती. मला पाहून त्याने हातोडी थांबवली नाही.

“बसा. आई गेली. दोन वर्षं झाली.”

“मजीद, मला तुला एक सांगायचंय. त्या वेळी तो अहवाल—”

“माहीत हाय.”

“काय माहीत आहे?”

“तालुक्याच्या बंदरावर शिपाई बोलला. तुझ्याच आठल्येसाहेबांनी वाचलंय म्हणून.” त्याने कापसाची वळी भेगेवर ठेवली. “खोकी चढवली तुमची, तेव्हा माहीत होतं.”

मी वाळूवर बसलो. मग आकडे कसले होते ते त्याला सांगितले. तो ऐकत होता की नाही ते कळले नाही.

“तिनं मला मचव्यात सांगितलं. पोटात हाय म्हणून,” तो म्हणाला. “दोनदा राहिलं आणि गेलं होतं ना, म्हणून तीन महिने भरल्याशिवाय बोलायचं नाय, असं धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी तीन महिने भरत होते. मी शिपायांना बोललो. ते बोलले, दाखला आण डॉक्टरचा. मचव्यात कुठला डॉक्टर?”

“मूल?”

“पोरगी. मे महिन्यात झाली. तिकडची झाली. आता बाप बघायचा तर तिला व्हिसा लागतो, आणि मला पण. तीनदा अर्ज केला. नाय मिळत. फायलीत कायतरी हाय म्हणतात.”

हातोडी ठेवून, हात लुंगीला पुसून त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला फोटो काढला. चार-साडेचार वर्षांची एक मुलगी खुर्चीवर उभी होती. भुवया मजीदच्या. मी पाहिला आणि परत देऊ लागलो.

“उलटा करा.”

मी उलटा केला. मागच्या बाजूला, खालच्या उजव्या कोपऱ्यात, दोन आकडे होते. ४-१७.

“वाचा,” मजीद म्हणाला. “तुमच्यासारखं वाचता कुणाला येत नाय.”

चार म्हणजे वय असेल. सतरा म्हणजे वजन, किंवा तारीख, किंवा दातांची संख्या, किंवा— माझे डोके सवयीने धावू लागले होते. मी ते थांबवले. मजीद माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेत राग असता तर सोपे गेले असते.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

“मला पण नाय. तीन महिने झाले फोटो येऊन. तिला विचारायचं, तर पत्र उघडून वाचतात.” त्याने फोटो माझ्या हातातून घेतला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला. “एवढंच लिवायचं होतं तुम्ही. मला माहीत नाय. एवढंच.”

मग त्याने हातोडी उचलली आणि पुढच्या भेगेला लागला. अजून तीन फळ्या राहिल्या होत्या. पाणी मचव्यापर्यंत चढायला एक तास वीस मिनिटे होती.